लाल दोरी आणि माझं टेबल

कुणाच्याही घरी गेले की मी आधी वर बघते. माणसं नंतर, चहापाणी नंतर, आधी छताचा पंखा. यजमानांनी मला बरोबर त्याच्याखाली बसवलं तर गुडघ्याचं निमित्त काढून मी भिंतीकडची खुर्ची मागते. घरातली पोरं हसतात, "आत्याला पंख्याचं भूत लागलंय" म्हणतात. हसा बाबांनो, हसा. जिची सगळी उमर पंख्याच्या कारखान्यात गेली, तिलाच पंख्याखाली झोप लागत नाही, हे ऐकून मलासुद्धा कधी कधी हसू येतं. भीती मात्र जात नाही. ती कुठून आली ते आज सांगून टाकते.

आमचं घराणं मूळचं निजामाच्या मुलखातलं, नांदेडकडचं. आजोबा हैदराबादेत नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, बाजारात दखनी, कारखान्यात तेलुगू, अशी आमची खिचडी. दिलसुखनगरच्या चौकातून कंपनीची बस मला उचलायची आणि गावाबाहेरच्या कारखान्यात नेऊन सोडायची. तिथे मी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर होते. पंखा तयार होऊन, रंगून, खोक्यात भरून माझ्यापर्यंत यायचा. प्रत्येक खोकं उघडायला वेळ कुठला? थप्पीतलं एखादं ओढायचं, उघडायचं, आतला माल नजरेखालून घालायचा, मोटरच्या डोक्यावर आपला शिक्का मारायचा आणि खोकं परत बंद. आम्हा तपासणाऱ्यांचे शिक्के वेगवेगळे होते. माझा होता गोलातला त्रिकोण. त्या शिक्क्याचा मला फार तोरा होता, खोटं कशाला बोलू! जोडणीच्या सरकत्या पट्ट्यावरच्या बाया मला "टेबलवाली मेडम" म्हणायच्या, आणि मी ते म्हणू द्यायची.

मग देशाची दारं उघडली. आबिड्सच्या दुकानांत बाहेरचे पंखे दिसायला लागले. दिसायला देखणे, आवाज नाही, भाव आमच्याएवढाच. आमचे हे रेडिओच्या कारखान्यात होते. तो कारखाना बघता बघता बंद पडला. एके दिवशी ते डबा तसाच भरलेला घेऊन दुपारी घरी आले आणि "गेट बंद आहे" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात नोकरी एकच उरली, माझी. मुलं शिकत होती. रोज सकाळी बसची वाट बघताना डोक्यात एकच, आज आपलंही गेट बंद असेल का.

आमचं गेट बंद झालं नाही. आले ते मूर्ती सर. नवे मॅनेजर, मृदू बोलणारे, शर्ट इस्त्रीचा, आणि हातात कायम एक स्टॉपवॉच. आधीचे साहेब नुसते ओरडायचे. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते हो, पण शांतपणे आपल्याकडे बघत उभ्या राहणाऱ्या माणसाची होत नाही. मूर्ती सर जपानी पद्धत शिकून आले होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी आम्हाला ती सोप्या भाषेत समजावली. ज्या कामाने पंख्यात काही भर पडते ते काम. बाकी सगळं वाया. माल इकडून तिकडे नेणं वाया, ढीग लावून ठेवणं वाया, वाट बघणं वाया. मी मान डोलावत होते. मग ते म्हणाले, "आणि शेवटी तपासणं, हेही वायाच. तपासून पंखा सुधारत नाही. चूक जिथे होते तिथेच थांबवायला हवी." सगळ्या माना वळून माझ्याकडे लागल्या.

बैठकीनंतर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, मग आमच्या टेबलाचं काय?" ते म्हणाले, "पट्ट्यावर दोरी लावतोय. ती ओढायला बायकांना तुम्हीच शिकवा. लाइन स्वतःची चूक स्वतः पकडायला लागली की टेबल उचलू." मी विचारलं, "आणि आम्ही?" त्यांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बघू."

त्या "बघू"ने माझी झोप उडवली. म्हणजे बघा, ज्या फांदीवर बसले होते तीच कापायला मला करवत दिली होती, आणि वर कापायची कशी ते दुसऱ्यांना शिकवायचं होतं!

दोरी लागली. लाल, जाड, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकीच्या डोक्यावर हात पोचेल अशी. काही चुकीचं दिसलं की ओढायची. ओढली की पट्टा थांबणार, दिवा लागणार, भोंगा वाजणार आणि ट्रकमध्ये माल चढवणंसुद्धा बंद होणार. सरांनी हे सांगितलं तेव्हा बायकांचे चेहरे पांढरे पडले. कारण आमच्याकडे पट्टा थांबवणं हा गुन्हा होता. जुन्या साहेबांच्या काळात एका बाईची ओढणी अडकली म्हणून तिने बटण दाबलं, तर तिलाच चार्जशीट मिळाली होती. आणि आता म्हणे, खुशाल थांबवा! कोण विश्वास ठेवेल? "मेडम, ये फसाने का तरीका है," बाया माझ्या कानाशी लागायच्या, "जो खींचेगी उसका नाम लिख लेंगे." मी त्यांना शिकवायचं काम इमानाने केलं. ओढून कशी दाखवायची, कधी ओढायची, सगळं. कुणी ओढली नाही. आणि कुणी ओढत नाही हे बघून मला रोज संध्याकाळी बरं वाटायचं, हेही तितकंच खरं.

मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. पट्ट्यावर शाहेदा आपा होत्या. वयाने माझ्याहून मोठ्या, नवरा वारलेला, जीभ तिखट आणि मन भित्रं. खोक्यात जी लहान पिशवी जाते, बोल्ट, नट, पिन, रबर, ती भरायचं काम त्यांच्याकडे होतं. आपांनी एके सकाळी दर्ग्यावरून आणलेला धागा त्या लाल दोरीला बांधला. मी विचारलं, "आपा, ये क्या?" तर म्हणाल्या, "मन्नत माँगी, कुसुम. इस डोरी को हात लगाने की नौबत मेरे पे कभी नक्को आओ. नौकरी सलामत रहो बस." दुसऱ्या दिवशी शेजारच्या नरसम्माने लिंबू-मिरच्या बांधल्या. मग कुणी हळदीचा दोरा, कुणी हिरवी चिंधी. खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, झेंडूच्या माळा, कुंकू, दारात कोहळा फोडणं. पुजाऱ्याने रांगेने सगळ्या यंत्रांना कुंकू लावलं आणि त्या ओघात दोरीलाही लावलं. झालं! आता ती दोरी राहिली नाही, देवस्थान झालं. तिला हात लावायचा म्हणजे दहा जणींची मन्नत तोडायची. मूर्ती सर कपाळाला हात लावून बसले. "हे काढा," म्हणाले. काढणार कोण? सफाईवाल्यानेसुद्धा झाडू टाकून दिला. शेवटी सरांनी नाद सोडला.

आता पुढचं कळायला पंखा छताला टांगतात कसा ते सांगायला हवं. मोटर एका दांडीला लटकते. मोटर आणि दांडी यांना धरून ठेवतो एक आडवा बोल्ट. पंखा फिरतो, थरथरतो, त्यामुळे बोल्टचा नट हळूहळू सैल होतो. तो गळून पडू नये म्हणून बोल्टच्या टोकाला एक बारीक आरपार भोक असतं, आणि त्यातून केसांच्या आकड्यासारखी एक पिन घालून तिचे पाय वाकवतात. बस्स, एवढीच ती पिन. ती असेल तर नट सुटला तरी पंखा जागेवर. ती नसेल तर एक दिवस अख्खी मोटर, पात्यांसकट, खाली. खाली पलंग असतो, पाळणा असतो, जेवायला बसलेली माणसं असतात.

महिनाअखेर होती. सकाळच्या बसमध्ये आपा माझ्या शेजारी येऊन बसल्या. रोज बडबड करणारी बाई, त्या दिवशी गप्प. बस उप्पलच्या पुढे गेल्यावर त्यांनी मूठ माझ्यासमोर उघडली. त्यात बोल्ट होता. "देख," म्हणाल्या. मी बघितलं. टोकाला भोक होतं. म्हटलं, "ठीक तो है." त्यांनी बोल्ट उलटा केला. दुसऱ्या बाजूला भोक नव्हतं. अर्ध्यापर्यंतच पाडलेलं. पिन आत जाणार कशी?

"आपा, कधीपासून?" माझ्या तोंडून मराठीच आलं.

"ईद के बाद का माल है. सब नहीं, बीच बीच में एक-आध. मैं पिन बोल्ट में पिरोके डालती ना, गुमनी नक्को बोलके, तो मेरे हात को पता चल गया. खराब वाले मैं निकाल रही थी. लेकिन कुसुम, दूसरी शिफ्ट की लड़कियाँ पिन अलग डालते, बोल्ट अलग डालते. उनको क्या मालूम!"

 माझं टेबलसुद्धा काय बघत होतं? बोल्टला भोक आहे का? आहे. पास. वरून बघितलं की भोक दिसतंच. मी रागाने म्हटलं, "मग ओढायची ना दोरी! कशाला लावलीय ती?"

"तू खींचती क्या?" आपा म्हणाल्या. "उसमें मेरी मन्नत बंधी है. अपने हात से अपनी मन्नत तोड़ूँ?"

कारखान्यात पोचले तर गेटशी ट्रक भरत होता, महिनाअखेरचा माल. आधी मी जुन्या रीतीने गेले, स्टोअरकडे. तिथला माणूस म्हणाला, "मेडम, ट्रक जाऊ द्या, उद्या लॉट बदलतो." उद्या! मी पट्ट्यापाशी येऊन उभी राहिले. डोक्यावर ती दोरी, धाग्यांनी, चिंध्यांनी, सुकलेल्या लिंबांनी लदलेली. माझ्या मनात काय चाललं होतं ते आज स्पष्ट लिहिते. मला घरातला तो भरलेला डबा दिसत होता, "गेट बंद आहे" म्हणणारे आमचे हे दिसत होते. आज मी ही ओढली, तर उद्या बाकीच्या ओढतील. त्या ओढायला लागल्या की माझं टेबल गेलं. आणि नाही ओढली तर ट्रक गेला.  मला वाटतं, मी थोडा वेळ तशीच उभी होते, कारण नरसम्मा म्हणाली, "मेडम, तबियत ठीक नहीं क्या?"

मी ओढली.

धागे तटातट तुटले. एक लिंबू माझ्या खांद्यावर आपटून खाली गेलं. पट्टा थांबला. आणि जो भोंगा सुरू झाला म्हणता! कधी वाजलाच नव्हता, त्यामुळे तो बंद कसा करायचा हेच कुणाला माहीत नव्हतं. इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन धावला, बाया कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या, एक-दोघी रडायलाच लागल्या. भोंगा बंद झाला तेव्हा जी शांतता पसरली, तशी शांतता मी त्या छपराखाली कधी ऐकली नव्हती.

मूर्ती सर चालत आले. धावत नाही, चालत. "कोणी ओढली?" मी पुढे सरकले. आणि त्या क्षणी मागून आवाज आला, "मैं खींची, साब." आपा! भित्री बाई, पण पुढे आली. मी म्हटलं, "नाही सर, मी ओढली. आपांनी माल पकडला, दोरी मी ओढली." आपांनी मूठ उघडली. सरांनी बोल्ट हातात घेतला, उजेडाकडे धरला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी गेटला ट्रक थांबवायला सांगितलं, आणि मग, सगळ्यांच्या समोर, आम्हा दोघींना हात जोडून म्हणाले, "थँक यू."

त्या "थँक यू"वर कुणाचाही विश्वास बसला नाही. कित्येक दिवस आम्ही चार्जशीटची वाट बघत होतो. टपाल घेऊन शिपाई आला की आपा पदराआड तोंड लपवायच्या. चार्जशीट आली नाही. ट्रक रिकामा झाला, खोकी फोडली, आम्ही सगळ्या जमिनीवर बसून बोल्टमधून पिना ओवत होतो. बोल्ट पुरवणाऱ्याकडे माणूस गेला. आपांची पद्धत सगळ्या पाळ्यांना लागू झाली, पिन बोल्टमध्ये ओवूनच पिशवीत घालायची. जी जात नाही ती तिथेच कळते. आधी निघून गेलेला माल दुकानदारांकडून परत मागवला. बराचसा आला. पण काही पंखे विकून, टांगून मोकळे झाले होते. ते कुणाच्या घरी गेले, कुणालाच सांगता आलं नाही.

आणि मला जी भीती होती तेच झालं. त्या आठवड्यात नरसम्माने दोरी ओढली, रंगाचा पोपडा दिसला म्हणून. मग आपांनी. मग उठसूट भोंगा. प्रत्येक भोंग्याला बाया टाळ्या वाजवायच्या आणि मी माझ्या टेबलाकडे बघायची. माझ्यापर्यंत येणारी खोकी निर्दोष यायला लागली. मी उघडायची, बघायची, काहीच नाही. दिवसभर काहीच नाही. एका शनिवारी टेबल उचललं. सोमवारी गेले तर तिथे फरशीवर नुसती पिवळी रेघ रंगवलेली. माझ्याबरोबरच्या दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कसली स्वेच्छा! रडत रडत घेतली. मी केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, आता बघा. बघू म्हणाला होतात ना!"  म्हणाले, "शाहेदाबींच्या शेजारी एक जागा आहे. पट्ट्यावर. बसाल?"

टेबलवाली मेडम पट्ट्यावर बसली. पिशव्या भरायला. पहिल्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. आपांनी आपल्या डब्यातला खुबानीचा, म्हणजे जर्दाळूचा, मीठा माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, "कैकू मुँह फुलाके बैठी? नौकरी सलामत है ना?" होती. निवृत्त होईपर्यंत होती, मुलं त्यावरच शिकली. पण मूर्ती सरांवरचा राग मी मनात जपून ठेवला होता. माझं टेबल वाया होतं म्हणे! गोलातला त्रिकोण वाया होता म्हणे!

गेल्या वर्षी माझ्या भाचीने, रेवतीने, दिलसुखनगरला जुना फ्लॅट घेतला. आधीच्या मालकाने पंखे-दिवे तसेच सोडलेले. बाळाला बघायला म्हणून मी गेले. दारातूनच वर बघितलं, आणि पाय तिथेच थबकले. पंखा आमचा होता, त्याच काळातला, पात्यांचा आकारच सांगत होता. बरोबर खाली पाळणा.

"निखिलराव," मी जावयाला म्हटलं, "आधी पंखा बंद करा. रेवती, बाळाला घे."

"आत्या, चिल! चांगला चालतो, अगदी स्मूथ," तो हसला. पुण्याचा आहे, संगणकातला, दिवसभर काहीतरी दुरुस्त करत असतो. पण माझा चेहरा बघून त्याने पंखा बंद केला आणि स्टुलावर चढला. मी स्टूल धरून उभी.  "मोटरवरची वाटी वर सरकवा. टॉर्च मारा. बोल्ट दिसतो? पिन आहे का?"

त्याने टॉर्च आत धरला. मग त्याचा आवाज बदलला. "आत्या… पिन नाहीये. भोकही एकाच बाजूला आहे, आरपार नाही. कुणीतरी तार गुंडाळलीय. गंजून तुटत आलीय. नट तर टोकाशी आलाय." रेवतीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. कुण्या इलेक्ट्रिशियनची पिन भोकात गेली नसेल, आणि त्याने आपली तार बांधून काम उरकलं असेल. इतकी वर्षं तो पंखा कुणाकुणाच्या डोक्यावर तसाच फिरत होता.

"आणि इथे मोटरवर एक शिक्का आहे," निखिल धूळ पुसत म्हणाला. "गोल आहे. आत त्रिकोणासारखं काहीतरी."

मी तिथेच फरशीवर बसले. म्हणजे हा बोल्ट माझ्या टेबलावर आला होता. मी तो हातात घेतला होता, भोक बघितलं होतं, आणि पास केला होता. मूर्ती सर कुठे असतील आता, देव जाणे. त्यांच्यावरचा राग त्या फरशीवर बसल्या बसल्याच संपला.

पंखा उतरवून जमिनीवर ठेवल्यावर मी आपांना फोन लावला. त्या आता थकल्यात, ऐकू कमी येतं. मी ओरडूनच सांगितलं, "आपा, एक सापडला! आपल्या त्या मालातला!"

 पलीकडून त्यांचा तोच तिखट आवाज आला. "बच्चा सलामत है?"

"हौ."

"तो फिर रोती कैकू?" आपा म्हणाल्या. "भोंगा बजा, कुसुम."